क्लोदीनच्या दोन क्रांत्या

मंडळी, आज एकच प्रश्न. राजा बदलला की माणूस बदलतो का? घाई नको! आधी ऐका.

फ्रान्स देश, पॅरिस शहर. नदीवर लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी एक बाई — क्लोदीन. बाई माझ्या कल्पनेतली बरं का, इतिहासात शोधू नका! पण तिने पाहिलेल्या दोन्ही क्रांत्या खऱ्या.

पहिली सतराशे एकोणनव्वदची. कारण? पोट! दिवसभर राबावं आणि हाती पाव पडू नये! भर पावसात हजारो बायका सहा कोस चालत राजाच्या दारी गेल्या. विशीतली क्लोदीनही गेली, नवऱ्याचे बूट घालून! नवरा मात्यू बूट शिवणारा — आणि घरी अनवाणी तोच! हसताय काय? तुमच्याकडे वेगळं आहे?

पुढे राजाचं राज्य गेलं, शीरही गेलं. आणि पावाची रांग? तिथेच! सतराशे चौऱ्याण्णवच्या एका सकाळी मात्यू रांगेत बोलून गेला, "राजा गेला गं, भूक नाही गेली."

एवढंच! मागून कोणी ओरडलं, "फितूर!" शिपाई धावले. एकाने क्लोदीनला विचारलं, "बाई, तू ह्याची कोण?"

क्लोदीन पुटपुटली, "मी... पावासाठी उभी आहे."

मात्यूने तिच्याकडे नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी त्याची मान उडवली.

मग छत्तीस वर्षं, मंडळी! एकटीपुरतं सूप रांधायचं. सणाला दार वाजलं की ती लगबगीने उठायची — वाजलेलं असायचं शेजारचं.

मधे सम्राट आला, गेला, राजघराणं परत आलं. मग अठराशे तीसचा जुलै. ह्या वेळी कारण पोट नव्हे, तोंड! राजाने वर्तमानपत्रं बंद केली, मताचा हक्क आवळला. लोकांनी रस्त्यातले दगड उपटून आडोसे रचले. तिसऱ्या दुपारी राजाचा एक शिपाई बंदूक टाकून क्लोदीनच्या घरात शिरला. मागे जमाव!

"म्हातारे, सरक! राजाचं कुत्रं आहे ते!"

क्लोदीन दारात आडवी उभी राहिली. "माझ्या घरात आलेला माणूस आहे. आधी मला मारा. माझा नवरा नेला तेव्हा मी त्याला ओळखसुद्धा दिली नाही. आज हलणार नाही!"

जमाव थबकला. मग पांगला — मन वितळलं म्हणून नव्हे हो! पुढच्या चौकात लूट चालली होती म्हणून!

शिपाई सूप प्याला, मात्यूचा जुना अंगरखा चढवून गेला. पुन्हा ना तो आला, ना निरोप. क्रांतीचं फळ? पहिलीत राजा जाऊन रक्त वाहिलं, दुसरीत राजा जाऊन... दुसरा राजा! क्लोदीन एकटीच राहिली. त्या संध्याकाळी मात्र जेवताना मोठ्याने म्हणाली, "मात्यू, आज बोलले रे मी."

आता आपलं सांगतो. गेल्या ग्रामसभेत अनुसयाकाकू पाण्याबद्दल बोलायला उठल्या. चौघांनी दटावून खाली बसवलं. आपण दोनशे जण होतो. मीही होतो, मंडळी — छताकडे बघत! आज काकू कीर्तनाला आल्या नाहीत. सकाळी मी त्यांच्या दारी जाणार आहे. बरोबर कोण येतं? ते आधी सांगा, गजर त्यानंतर.