आत्याबाईंच्या फोनची राखण

"हॅलो?… हॅलो, अमे?… अगं मी, रत्ना… हो, हो, जेवले, तू जेवलीस का? बरं ते ऱ्हाऊ दे, ऐक ना… मला एक ॲप सांग. ते नको नको ते फोन येतात ना, ते अडवायचं. फुकटातलं पायजे… आत्ता. आत्ता म्हंजे आत्ता."

मुकुंदवाडीतल्या घरात रत्नमाला ओट्याला टेकून उभी होती. एक फोन कानाला, दुसरा हातात. हातातला फोन सासूबाईंचा. सासूबाई, म्हणजे आवडाबाई, सुनेच्या तोंडी आत्याबाई, बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या, म्हणून रत्नमालाचा आवाज खाली होता. खाली म्हणजे तिच्या हिशेबानं. शेजारच्या भागूबाईंना नीट ऐकू जाईल एवढा होताच. पलीकडं होती तिची धाकटी बहीण अमृता. बँकेच्या कॉम्प्युटर विभागात कामाला. माहेरी कुणाचाही फोन बिघडला की तिलाच सांगायचं, अशी रीतच पडली होती.

"माझ्या फोनात नाय गं, आत्याबाईंच्या… घाई काय म्हणून काय विचारतीस? संध्याकाळी सोनिया येणारे!… सोनिया! माझी जाऊ!… ती टाकून देणारे म्हणं ॲप. काल आत्याबाईंनी तिला फोन केला आपणहून. मला एक शब्द नाय. मी इथं पोळ्या लाटतेय आणि ह्या तिकडं तिला सांगतायत, 'सोनिया, माझ्या फोनचं तूच बघ गं आता.' आता म्हंजे काय? आतापर्यंत कोण बघत होतं? रिचार्ज कोण करतं? नातवंडांचे फोटो कोण दाखवतं? चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात, तो कोण काढून देतं?"

रत्नमाला जळत होती. हे आडवळणानं सांगण्यात काही अर्थ नाही. थोरली सून म्हणून ती या घरात आली तेव्हा सोनिया शाळेत होती. घरातलं सगळं रत्नमालाच्या हातातून जायचं आणि त्याचा तिला कंटाळा यायचा. पण ते दुसऱ्याच्या हातात जाताना दिसलं, तसा तो कंटाळा तिला एकदम प्यारा वाटायला लागला.

"आणि वर भागूबाईंसमोर म्हणाल्या, सोनियाच्या बोटात जादू हाय… माझ्या बोटाला काय झालंय? मेथीचा वास येतो एवढंच… आणि ती त्यांना मम्मी म्हणती, मम्मी! आम्ही इतकी वर्षं आत्याबाई, आत्याबाई करतोय, आणि ही बीड बायपासच्या फ्लॅटमधून येती आणि मम्मी!… बरं, बरं, ॲपचं बोलू. बोल."

"कसले फोन म्हंजे?… लई येतात गं. बिडकीनला त्यांची जमीन हाय ना, तिकडं कंपन्या आल्यापासून दलालांनी नंबर वाटून घेतलाय जणू. 'मावशी, विकायची का?' दिवसभर. आणि ह्या उचलतात! उचलून गप्पा मारतात! त्या दिवशी क्रेडिट कार्डवाली पोरगी होती. तिचं सासर कुठलं, माहेर कुठलं, मूलबाळ का नाय, सगळं विचारलं. वेरूळला घृष्णेश्वराला ये म्हणाल्या, गुण येतो… हसू नको. परवा एकाला सांगून टाकलं, 'पोरं कामावर गेलीत, घरात आम्ही दोघी बायाच हाव.' अनोळखी माणसाला असं सांगतात का?… व्हय ना? म्हणून पायजे ॲप. आणि ते मीच टाकणार. सोनिया यायच्या आत."

हे मात्र खरं होतं. जळणं आपल्या जागी, पण घरात दोघी बायाच आहेत हे अनोळखी माणसाला कळलं त्या रात्री रत्नमालानं कडी दोनदा बघितली होती.

"कोणतं?… ढालीचं चित्र असलेलं? थांब, शोधते… हं, आलं. जाहिराती?… नाय दिसत. नाव-गाव, नंबर काही मागत नाय?… मग ते चालतं कसं?… फोनातल्या फोनातच? नेट लागत नाय? म्हंजे बाहेर काही पाठवायला त्याला वाटच नाय… असं व्हय. आणि फुकट कसं मग? त्यांचं पोट कशावर?… हौशी लोक करतात? आणि कसं केलंय ते उघडं ठेवतात, कुणीही तपासावं… बरं बाई. आणि फोन आला की नाव दाखवतं ना, कोण हाय ते?… नाय? नुसतं अडवतं?"

रत्नमालाचा चेहरा पडला.

"मग ते काय कामाचं, अमे? आत्याबाईंना नाव दिसायला पायजे. सोनियाच्या फोनात दिसतं. मोराचं चित्र असलेलं ॲप हाय तिचं. फोन वाजला की मोर पिसारा फुलवतो आणि त्यात नाव येतं. आत्याबाई बघतच राहिल्या. मी तुझी ढाल घेऊन जाईन तर म्हणतील, हे काय, ह्यात मोर नाय?… नाय, मला मोरवालंच पायजे, नुसतं सोनियाच्या आधी पायजे… अगं मी परवाच टाकलंय माझ्या फोनात. आधी शिकून घ्यावं म्हणून… त्यानं विचारलं, परवानगी द्या, मी दिली. परत विचारलं, परत दिली. सगळ्याला हो, हो, हो केलं… काय झालं? ओरडतीस कशाला?"

आता पलीकडून अमृता बराच वेळ बोलत होती, आणि रत्नमाला फक्त "हं… हं" करत होती. हळूहळू ते "हं" बारीक होत गेलं.

"म्हंजे माझ्या फोनातली सगळी नावं त्यानं नेली?… आणि मी ज्या नावानं नंबर ठेवलाय, त्याच नावानं तो दुसऱ्यांना दाखवतो? मोरवाल्याचं पोट आपल्या नावांवर चालतं होय!… नेऊ दे की. माझ्या फोनात काय सोनं हाय? गॅसवाला खडूस, रद्दीवाला, शिवणवाली वेळ न पाळणारी… अगं बाई."

तिनं ओट्याची कड धरली.

"अमे… सोनियानं गेल्या आठवड्यात नंबर बदलला. तिलाही असलेच फोन यायचे म्हणून. तिचा नवा नंबर मी… सोनिया नावानं नाय ठेवलेला… कसा म्हंजे? 'मिरवणूक' म्हणून ठेवलाय… अगं, ती कुठं निघाली की मिरवणूकच असती! गॉगल, पर्स, मागून आमचे ऋतुराज भाऊजी पिशव्या धरून. मला काय माहीत माझ्या फोनातलं गावभर जाईल?… एकट्या माझ्यावरून कसं दाखवंल? नवा नंबर हाय, अजून कुणी ठेवलेलाच नसंल… म्हणून माझंच दाखवंल? बघ ना. तुझ्या शेजारच्या टेबलावर कुणाकडं हाय का मोर?… बद्रीनाथकडं? माग त्याचा फोन. मी व्हॉट्सॲपला नंबर टाकते. पटकन माग."

भाजीवाल्याची हाक गल्लीतून येऊन गेली. रत्नमाला देवाला काहीबाही नवस बोलली.

"काय?… खरंच तेच येतंय? पिसाऱ्यात?… अरे देवा. म्हणूनच काल करमाडच्या तात्यासाहेब मामांनी तिचा फोन कापला! त्यांच्या फोनातही मोर हाय! ती आत्याबाईंना फोनच्या स्पीकरवर सांगत होती रडवेली होऊन, मामा म्हणाले, आम्ही मिरवणुकीला वर्गणी देत नाय. आणि मी, अमे, मी इथं तोंडात पदर कोंबून हसत होते. मला वाटलं मामांना भ्रम झालाय… आता काय करू?… आधी खातं बंद करायचं, मग ॲप काढायचं? नुसतं काढून भागत नाय?… बरं. आणि नाव पुसा म्हणून त्यांना वेगळं कळवायचं. तू कळव ना गं. माझी बहीण नाय तू?"

"थांब, बद्रीनाथचा फोन परत देऊ नको. माझा नंबर टाक त्यात… असंच. बघू दे मला काय म्हणून ठेवलंय लोकांनी… सांग… सांग की. अमे, तुला माझी शपथ… काय?"

तिनं ऐकलं आणि तिचा आवाज एकदम सपाट झाला.

"'सोनियाची जाऊ.'… हं. तिच्या भिशीतल्या बायांनी ठेवलं असंल… नाय, मला काय वाटायचंय? खरंच हाय ते. मी तिची जाऊ हाय. पण अमे, आधी मी आले ना या घरात? ती माझी जाऊ व्हायला पायजे ना?… ऱ्हाऊ दे. नको समजावू. मला राग आलाय, येऊ दे."

राग आला म्हणून की भीती वाटली म्हणून, पण रत्नमालाचं मोरावरचं मन उडालं ते उडालंच. सासूबाईंच्या फोनात मोर आला असता तर उद्या सोनियाच्या नव्या नंबरावर मिरवणूक वाजतगाजत त्यांच्यासमोर आली असती. पाच मिनिटांपूर्वी जिला ढाल बिनकामाची वाटत होती, ती आता ढालीचे गुण अमृतालाच समजावून सांगू लागली.

"तुझं ढालवालंच बरं. माणसाचं नाव घरातल्या घरात ऱ्हावं. कुणी कुणाला काय म्हणतं हे जगाला कशाला?… टाकलं, टाकलं. आत्याबाईंच्या फोनात आलंय. आता?… 'फक्त फोनात साठवलेले नंबर वाजू द्या'… हे चालू करू? दलाल, कार्डवाली सगळे गप होतील?… केलं चालू. झालं? इतकंच? मग सोनियाच्या बोटात कसली जादू गं?"

तेवढ्यात तिच्या हातातला सासूबाईंचा फोन उजळला. वाजला मात्र नाही.

"अमे, थांब. आत्याबाईंच्या फोनवर कुणाचातरी… आवाज नाय, नुसता उजेड. नंबर दिसतोय… अगं, सोनियाचा नवा! आत्याबाईंच्या फोनात तो साठवलेलाच नाय. अडवला! ढालीनं सोनियाला अडवलं!… लई भारी ॲप हाय गं तुझं!"

किती दिवसांनी रत्नमाला अशी मनापासून हसली होती.

"मी कुठं काय केलं? ॲपनं केलं… ऱ्हाऊ दे ना थोडा वेळ. करू दे तिला फोन… हे बघ, परत. करते, करते, कुणी उचलत नाय. कळू दे एकदा कसं वाटतं… काय म्हणालात आत्याबाई?… नाय, कुणाचाच नाय आला… अमे, तू गप. तू कुणाच्या बाजूची हायस?"

खोटं बोलून झाल्यावर तिनं दारातून डोकावून पाहिलं. मेथीची अर्धी जुडी तशीच पडली होती. आवडाबाई खिडकीशी उभ्या राहून रस्त्याकडं बघत होत्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घेतात, त्या उभ्या होत्या. रत्नमालाला आधी भयंकर हेवा वाटला. आपण बाजारातून उशिरा आलो तर कधी कुणी खिडकीशी उभं राहिलं नाही. मग त्या म्हाताऱ्या पाठीकडं बघून तिचं तिलाच कसंतरी झालं.

"वाट बघतायत गं तिची… हो. हो, कळतंय मला… उद्या खरं कळलं तर फोन कायमचा तिच्याच हातात जाईल, ते तर हायच. पण ते नाय… नाय बघवत, बस. घालते नंबर… आत्याबाई! अहो, हे नवं ॲप टाकलंय मी. अनोळखी फोन अडवतं. सोनियाचा नवा नंबर तुमच्या फोनात नव्हता, म्हणून तिचे दोन फोन अडकलेत. घालते आता. ग्रुपवर टाकला होता तिनं, बघते… काय? बघायला नको?… पाठ हाय?… सांगा मग. नऊ… आठ… हं… हं… हो…"

ती बोटानं आकडे दाबत गेली. या वेळी नाव नीट घातलं. मग ती परत अमृताशी बोलू लागली.

"ऐकलंस? आख्खा म्हणून दाखवला. न अडखळता. आठवड्यात पाठ केलाय. स्वतःच्या गोळ्या कोणत्या, सकाळची कोणती नि रात्रीची कोणती, पाठ नाय. हिचा नंबर पाठ हाय… विचारू? नको. नको गं… विचारतेच. आत्याबाई! माझा नंबर सांगा की. माझा पाठ हाय का तुम्हाला?"

बाहेरून उत्तर आलं. लगेच आलं, विचार न करता.

"अमे… म्हणतात, 'तुझा कशाला पाठ करू? तुला हाक मारली की तू येतीस.'… हो, असंच म्हणाल्या. हेच शब्द… हे चांगलं म्हणाल्या का वाईट? तू सांग ना… तसं बघितलं तर माझी किंमतच नाय. हवेसारखी, असतेच म्हणून. आणि तसं बघितलं तर… मला नाय कळत, म्हणून तर विचारते… नाय गं, रडत नाय. सर्दी झालीय."

"रत्ना!" बाहेरून हाक आली.

रत्नमालानं एरवी ओले हात पदराला पुसत धाव घेतली असती. या वेळी ती हलली नाही. फोन कानाशी धरून, ओट्याला टेकून उभीच राहिली. अमृता पलीकडून विचारत होती, काय झालं, काय झालं. तिनं नुसतं "श्श" केलं.

"रत्ना! अगं कुठं हायस?"

या दुसऱ्या हाकेत काळजी होती. रत्नमालानं ती पुरती ऐकून घेतली.

"आले, आत्याबाई! आले की!… ठेवते गं अमे. बोलावतायत मला."