आधी जुनी संपू दे

मंडळी, ऐका! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मगच पुढं जातो. घरात चांगली वस्तू आली की आपण ती जपून ठेवतो. बरोबर? कोणासाठी ठेवतो? — काय म्हणालात मावशी? पाहुण्यांसाठी? बघा! कसं पटकन आलं उत्तर! घरच्यांचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही. अहो, काय म्हणावं तुम्हाला!

तर सासवडला एक अनुसयाबाई होत्या. त्यांचे यजमान दामूअण्णा. बाईंची ख्याती कशात? कोथिंबीर टिकवण्यात! हसू नका. तुमची चौथ्या दिवशी फ्रिजमध्ये चिखल होते, ठाऊक आहे मला. धुता, अन् ओलीच पिशवीत कोंबता — मग कुजेल नाही तर काय करेल बिचारी? बाई मुळं कापायच्या, पिवळी पानं काढायच्या, पाण्याचा थेंब लागू द्यायच्या नाहीत. जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्यात गुंडाळायची, डब्यात घालायची, झाकण घट्ट! फडकं दमट झालं की बदलायचं. पंधरा दिवस जुडी हिरवी! गल्लीतल्या बायका बघायला यायच्या हो!

पण एक नियम होता. आधी जुनी संपवायची, मग नवी काढायची. दामूअण्णा दर सोमवारी बाजारातून ताजी जुडी आणायचे. ती जायची डब्यात. आमटीवर पडायची मागच्या सोमवारची. अन् ती संपेपर्यंत ही जुनी! आता सांगा, त्या घरानं ताजी कोथिंबीर खाल्ली कधी? — अहो, कधीच नाही!

पुढं काय झालं, दामूअण्णांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चवच गेली. तीन आठवडे! माणूस काडी झाला. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही गेलं नाही, तर दवाखान्यात न्यावं लागेल." अनुसयाबाई स्वयंपाकघरात शिरल्या. खीर केली, नको. पेज केली, नको. शेवटी अण्णाच म्हणाले, "कोथिंबिरीची चटणी कर. अन् भाकरी."

बाई धावल्याच! फ्रिज उघडला. दोन डबे. एकात सूनबाईनं सकाळीच आणलेली जुडी, दुसऱ्यात बारा दिवसांची. हात कुठं गेला? — बोला की! बारा दिवसांच्या जुडीवर!

सून सुलक्षणा म्हणाली, "आई, अहो, आजची आहे ना ताजी!"

"असू दे. आधी जुनी संपू दे. चांगली हिरवी आहे."

"आई, बाबा आजारी आहेत!"

"मग? शिळं घालत्येय का मी त्यांना?"

काय करायचं या बाईचं! वाटली चटणी. अण्णांनी बोट लावलं, ताट सरकवलं. "वास नाही हिला."

"आजारानं नाक गेलंय तुमचं."

"नाक आहे गं," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षं मी बाजारातून जुडी आणतो. घरी येईस्तोवर वाटेत वास घेतो. तेवढीच माझ्या वाट्याला येते."

बाईंना आधी रागच आला. इतकं निवडलं, इतकं जपलं, अन् हे ऐकायचं? तणतणत आत गेल्या. आजचा डबा उघडला. फडकं सोडलं — अन् थबकल्या. असा वास येतो कोथिंबिरीला? अख्खी जुडी वाटली. अण्णांनी अर्धी भाकरी खाल्ली, वर पुन्हा चटणी मागितली. अन् अनुसयाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "चांगलं होतं हो घरात. मीच तुम्हाला दिलं नाही."

आता डोळे पुसू नका, घरी बघा! पाहुण्याला नवा कप, घरच्याला कान तुटलेला. परक्याशी साखर, अन् नवऱ्यानं पाणी मागितलं की "हात मोडलेत का?" पुरुष मंडळी, हसताय काय? ऑफिसात "हो साहेब", घरी "गप बस"! अन् मी काय वेगळा? इथं दोन तास गोड बोलतो. घरी बायको विचारते, "कसं झालं कीर्तन?" — मी नुसता "हूं" म्हणतो!

विठ्ठलाचं नाव घेऊ, पण आधी शेजारच्या आपल्या माणसाकडं वळा. एक धड शब्द बोला. काय, सुचत नाही? लग्नाला तीस वर्षं झाली अन् सुचत नाही? बोला, मी थांबतो. विठ्ठलाची काळजी करू नका, तोही थांबेल. घरचं माणूस किती थांबणार?