गोठ्यातला रेडिओ बंद केला, आन्...

...आन् पिच्चरमधली ती बाई अजून जिन्यातच! तुमाला सांगतो, एक गोरी बाई, पांढरा पायघोळ गाऊन, हातात मेणबत्ती, आन् जिना उतरती... उतरती... आवो, तेवढ्या वेळात आमची कारभारीन गोजरबाई धारा काढून, चूल पेटवून, मला शिव्या घालून मोकळी हुती! आन् भ्या? भ्या काय वाटंना!

आमचा करण पुण्याला सिनेमाचं शिकतोय. सुट्टीला आला तो पेनड्राईव्ह घेऊनच. "आबा, युरोपातला जुना पिक्चर आहे, भुताचा. बघितल्यावर आठ दिवस एकटे परसाकडं जाणार नाही तुम्ही!" म्हनलं, लाव. राहुरीच्या उसात वस्ती करून ऱ्हातो आमी, आमाला कोन भ्या दावतोय? दिवस मावळताना पडवीत टीव्ही लावला, तर हा म्हनतो, "आधी गोठ्यातला रेडिओ बंद करा. वातावरण पाहिजे."

आता गोठ्यात रेडिओ काय जनावरांना गानी ऐकवायला लावतो व्हय? मानसाचा आवाज चालू असला की बिबट्या उसातनं भाईर येत न्हाई, म्हनून लावतो! गोजरबाई वरडली, "बंद करू नगा, माजी शेळी गाभन हाय!" बाटलीनं दूध पाजून वाढवल्याली शेळी ती, पोरापरीस लाडाची. पन पोरगं शिकल्यालं... केला बंद.

मग काय! धुकं. धुक्यात गढी. दार करकरलं, मी सरसावून बसलो, आता येनार भूत... मांजर! वटवाघूळ आलं, त्याची दोरी दिसती! भ्या काय वाटंना!

नुसतं गप्प सगळं. पिच्चर गप्प, पडवी गप्प... आन् मग ध्यानात आलं, भाईर शेळी बी गप्प. रातकिडं गप्प. पानाच्या आवाजावर भुंकनारं आमचं कुत्रं खाटंखाली घुसून थरथरतंय. गोजरबाईनं माजा दंड धरला. "अवो... जाळीकडं बघा."

बिबट्या! पडवीच्या जाळीला टेकून बसल्याला. शेळी हाताच्या अंतरावर खुट्याला, आन् गडी तिच्याकडं बघंना. टीव्ही बघतोय! त्याच्या डोळ्यांत, तुमाला खोटं वाटंल, त्या डोळ्यांत ती बाई जिना उतरत हुती.

पिच्चर संपला. पडदा काळा. त्यानं हळूच मान वळवली... शेळीकडं. गोजरबाईनं रिमोट हिसकला आन् पयल्यापासनं लावला! मान परत टीव्हीकडं. कवातरी उठला, उसात गेला.

दुसऱ्या दिवशी रेडिओ मोठ्यानं लावला. तरी आला! त्याच जागंवर, दिवस मावळताना. फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा ठेवलाय, आत कोंबडी, ढुंकून बघत न्हाई. शेळी आता घरात घेतली, पन ती जाळी कोंबड्यांसाठी लावल्याली वो, एक पंजा मारला की जाळी फाटून गडी आतच! मग रोज लावतो. तीच बाई, तोच जिना. हिकडनं आमी बघतो, तिकडनं तो.

आन् करण? गेला पुण्याला! काल फोनवर इचारतो, "काय आबा, वाटली का शेवटी भीती?"

म्हनलं, पिच्चरची न्हाई रं लेका... लाईट जायची वाटती.