ठरावात लिहिलेला पासवर्ड

रांगेत उभं राहिलं की माणसाच्या पाठीला कान फुटतात. लातूरच्या स्टँडवर, मुरुडच्या गाडीच्या रांगेत, कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवणाऱ्या राजशेखर सरांना ते फुटले. मागं त्यांच्याच क्लासची पोरगी अन् पोरगा बोलत होते.

“कॉम्रेड अनिमेष, लढाईच्या गेममधल्या आपल्या ग्रुपचा पासवर्ड बदलला ना?”

“हाव दामिनी. बैठकीत रीतसर ठराव घेऊन बदलला.”

“अन् ठराव कुठं टाकला?”

“आपल्या पेजवर. सगळे ठराव जनतेसमोर ठेवायचे, नियमच हाय आपला.”

“अरे, ठरावात पासवर्डच लिहिला होतास की!”

“आई शप्पथ! फीवाढीविरुद्धच्या मोर्चाची सगळी नावं त्याच ग्रुपात हायेत. क्लासवाल्यांनी बघितली तर उद्याच हाकलतील!”

“गप. आज सकाळी काढला मी. तीन दिवस होता तिथं.”

“किती जणांनी पाहिला?”

“एकानं.”

“कोण?”

“मीच. शुद्धलेखन तपासायला गेले होते.”

“सुटलो बाई!”

“हाव, सुटलो.”

“अन् आपली क्रांती?”

“ती बी एकदम सुरक्षित हाय. कुणाला पत्ताच न्हाई तिचा.”

सरांनी गळ्यातलं क्लासचं ओळखपत्र हळूच शर्टाच्या आत सरकवलं, अन् गाडी लागेपर्यंत काही मान वळवली नाही.