किसनच्या विमानाचा डावा पंख

आधी तो हार काढा.

त्या विमानाले हार कोणं घातला? फोटोले घातला, समजलं. फोटो त्याच कामाचा असते. पण ते वीतभर विमान, पापडावानी त्याचे पंख, अन् त्याच्यावर शेरभर झेंडू? पाहा, डावा पंख लोंबून राह्यला. शांते, तू जवळ बसली आहेस, तू काढ. हळू. पंखाले बोट लावू नको, फुलं उचल नुसती. हं. राहू दे आता तसंच.

आता जयभीम. सगळ्याइले जयभीम, अन् ज्याच्या तोंडात ते बसत नाही त्याले रामराम. बाजाराचा दिवस सोडून तुम्ही एवढे लोक माझ्या पोराच्या सायकल दुकानासमोर तरटावर येऊन बसले. आज पाचवा दिवस. मायनं पोराच्या शोकसभेत बोलाचं, हे उलटं काम आहे. जीभ उचलत नाही. तुमाले वाटन, या बुढीची जीभ अन् उचलत नाही? खरंच नाही उचलत. पण बोलल्याबगर भागत नाही. आजवर मी चूप राह्यली, तेच माझं पाप आहे.

माझ्या आधी चौघं बोलले. म्हणे किसन हसतमुख होता. कधी गा? मी त्याची माय, मले तर दिसला नाही. म्हणे देवमाणूस होता. देव आमी दीक्षा घेतली तवाच घराबाहेर काढले, त्याले माणूसच राहू द्या. रागीट माणूस होता. चहा गोड नसला तर कप सरकवून देत होता. बायको गेल्यावर या शांताशी, आपल्या पोटच्या पोरीशी, दोन शब्द धड बोलला नाही.

एक गोष्ट मात्र खरी. त्यानं कसलेला नट ढिला होत नव्हता. एकदा कसाचा, मंग पुन्हा कसाचा, मंग उकिडवा बसून खालून पाहाचा. गिऱ्हाईक उभं राहून राहून कंटाळे. तुम्हीच म्हणत होते ना, "किसनभाऊ, सायकल आहे बाप्पा, विमान नाही!" अन् सगळे हसत होते. तो हसला का कधी? काऊन हसला नाही, ते आज ऐका.

मोठ्या लढाईच्या दिवसात किसन घरून पळून गेलता. खाली दक्षिणेत, समुद्राच्या काठी, गोऱ्याइच्या विमानतळावर त्याले काम लागलं. जहाजावरून उडणारे लढाईचे विमानं तिथं दुरुस्तीले येत. जहाजावर जागा कमी, म्हणून त्या विमानाइचे पंख दुमडत. कोंबडी पंख मिटून बसते ना, तसे, पण वर. उडाच्या आधी पंख उघडाचे अन् सांध्यात खिळा बसवाचा. खिळा बसला का एक लाल पट्टी आत जाते. नाही बसला तर पट्टी बाहेर दिसते. खिळा बसवणारा एक माणूस, अन् वाकून लाल पट्टी पाहणारा दुसरा. असा कायदा होता.

डाव्या पंखाचा खिळा माझा किसन बसवत होता. वाकून पाहणारा टॉम नावाचा गोरा होता, त्याच्याच वयाचा.

एका सकाळी किसननं खिळा बसवला. टॉमनं आंगठा वर केला. विमान उडालं, पाण्यावर जाऊन वळलं, अन् वळता वळता डावा पंख मिटला. आत जो साहेब होता तो रोज किसनले गुड मॉर्निंग म्हणत होता. तो समुद्रातून वर आला नाही.

चौकशी झाली. टॉम म्हणला, मी वाकून पाह्यलं, पट्टी आत होती. किसनले विचारलं, खिळा बसला होता का? किसनले आठवे ना. रोज पन्नास खिळे बसवणारा हात, त्या एका सकाळी काय केलं ते त्या हातालेच आठवे ना. त्याले विमानावरून काढलं अन् फरशी धुवाले लावलं. लढाई संपली, घरी आला, दुकान टाकलं. तिथून तो तुमचे नट तीन तीन वेळा कसून राह्यला होता.

मंग गेल्या साली संक्रांतीच्या सुमाराले विलायतेहून पार्सल आलं. टॉमचं. लढाई संपल्यावर किसननं त्याले गावाचा पत्ता लिहून देलता, तो त्यानं एवढी वर्षं ठेवला होता. खोक्यावर विमानाचं चित्र, अन् आत काय? प्लास्टिकच्या काड्या, अन् काड्याइले लागलेले बारके बारके तुकडे. मी म्हणलं, "हे काय रे, मोडून आलं का?" तर म्हणते, "माय, हे मोडलेलंच येते. आपण जोडाचं." मी म्हणलं, "तुले चाळिशी लागली, लेकराचा खेळ कायले धाडला त्यानं?" तवा तो चिठ्ठी पाहत होता. शांता शाळेत इंग्रजी शिकते, तिनं वाचून सांगतली. "आपलंच विमान आहे. मीपण एक जोडून राह्यलो. तू तुझं जोड."

बापा हो, मी पोळे पाह्यले, लग्नं पाह्यले, पण असं काम नाही पाह्यलं. दाढीच्या पात्यानं तो एक एक तुकडा काडीवरून कापे, मंग कानशीनं घासे. माणसाच्या नखाएवढं चाक. त्याच्याहून बारका आतला साहेब, टोपी घातलेला, त्याले तोंडपण होतं. खोक्यातली गोंदाची नळी वाटेतच वाळून गेली. मंग तंबू टाकीजच्या ऑपरेटरकडून तो फिल्म जोडाचं पाणी घेऊन आला, शिशीत. त्याचा वास असा का माझं डोकं दुखे. सुईच्या टोकानं लावे अन् श्वास धरून बसे. मी बोलली तर हातानं चूप करे. निळा रंग पाहता ना त्याचा? तो पोळ्याचा आहे. बैलाच्या शिंगाले लावाचा ऑइलपेंट उरला होता, तो. त्या डब्यावर बोट ठेवून म्हणे, "माय, समुद्र असाच दिसते." मी समुद्र पाह्यला नाही. शिंगं पाह्यले आहेत.

उजवा पंख त्यानं चिकटवला. डावा नाही चिकटवला. सांध्याशी कापून सायकलच्या ताराचा बारका खिळा केला, का पंख दुमडला पाहिजे अन् उघडलापण पाहिजे. मंग त्याचं एकच काम. पंख वर करे. खाली करे. खिळा दाबे. वाकून पाहे. पुन्हा वर करे. दुकानात गिऱ्हाईक उभं अन् हा पंख वर-खाली करून राह्यला. एक दिवस मी चिडली. म्हणलं, "चिकटवून टाक ना मेल्या तो पंख!" तवा त्यानं मले ही सारी गोष्ट सांगतली. वीस वर्षांत पहिल्यांदा. सांगून झाल्यावर म्हणला, "टॉमले विचारतो. त्याचं उत्तर येईन तवा चिकटवतो."

आपले मास्तर इथं अध्यक्ष म्हणून बसले आहेत. त्याइनंच ते पत्र इंग्रजीत लिहून देलं. एकच ओळ होती, हो ना मास्तर? "त्या दिवशी तू खरंच वाकून पाह्यलं होतं का?"

उत्तर आलं होतं.

हो. आलं होतं. मान हलवू नका मास्तर, तुमाले माहीत नाही. दिवाळीच्या मागे आलं. त्या दिवशी किसन आत तापानं पडला होता, अन् माझी पोरगी पुसदले तिच्या सासरी बाळंतपणाले बसली होती, अडलेली. पोस्टमननं पत्र माझ्या हातात देलं. त्याचा कोपरा फाटलेला होता.

म्हाताऱ्या बायाइले सांगाले नको. कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे कोणीतरी मेलं. ते घरात न्याचं नाही. बाहेरच वाचाचं अन् तिथंच नाहीसं कराचं. जुनी रीत. आता मीच ते बाई, जिनं दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव नदीत सोडले. जी तुमच्या घरोघरी फिरली, का मांजर आडवी गेली तर थांबाचं नाही, रीतभात सारी खोटी. मांजर आडवी आली तर मी मांजरीलेच हाकलत होती. हसा, हसा. अन् कोपरा दिसल्यावर या बाईनं काय केलं? मले वाचता येत नाही. मले वाटलं, पुसदहून आलं, माझी पोरगी गेली. आत हा तापानं पडलेला, याले कसं सांगू? अंगणात पाणी तापवाची चूल पेटली होती. घातलं त्याच्यात. पत्राले लाल-निळा काठ होता म्हणे. मी काठ पाह्यलाच नाही. मले फक्त कोपरा दिसला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पुसदले गेली, रडत. दारात पोरगी बसलेली, मांडीवर लेकरू, हातात डिंकाचा लाडू. मले पाहून म्हणते, "माय, कोण मेलं वो?"

मी सांगते कोण मेलं. तिथून परत आल्यावर पोस्टमन विचारते, "आजी, विलायतचं पत्र भेटलं ना किसनले?" तवा मले समजलं. कोपरा मरणाचा नव्हता. कोणंतरी विलायतचं तिकीट फाडून घेतलं होतं, आपल्या वहीत चिकटवाले. कोणं फाडलं तेपण मले माहीत आहे. तो इथंच बसला आहे, त्यानं मान खाली घातली आहे. नाव घेत नाही. त्यानं तिकीट घेतलं. पत्र मी जाळलं.

अन् किसनले मी सांगतलं का? नाही सांगतलं. दिवाळीपासून होळीपर्यंत तो मले रोज विचारे, "माय, डाक आली का?" मी रोज म्हणे, "नाही रे." मंग तो म्हणे, "टॉम रागावला असन. म्हणजे चूक माझीच असन." अन् पंख वर-खाली करे. छातीचा आजार वाढत गेला, उठता येईना, तरी विमान उशाशी होतं. मले वाटे, उद्या सांगीन. शेवटच्या दिवशी डोळे उघडून त्यानं मले तेच विचारलं. शेवटचंपण मी तेच सांगतलं. नाही रे.

पाच दिवसांपासून तुम्ही मले म्हणता, रडा आजी, मोकळ्या व्हा. कायची मोकळी होऊ?

परवा दुसरं पत्र आलं. कोपरे चारही धड होते. शांतानं वाचलं, मले अर्थ सांगतला. टॉम लिहिते, "त्या सकाळचं सारं मी मागच्या पत्रात लिहिलं. पुन्हा लिहाचं बळ माझ्यात नाही. तुझं उत्तर नाही आलं, म्हणजे तू मले माफ नाही केलं, असं समजू का?"

ऐकलं? चूक नसलेला माणूस माफी मागत नाही, एवढं अडाणी बाईले समजते. त्यानं वाकून पाह्यलं नव्हतं. मंग खिळा? खिळा बसला होता का नव्हता? ते त्याले तरी माहीत होतं का? का तेपण त्याच पत्रात होतं? आता कोणाले विचाराचं? एक माणूस चितेवर गेला, एक पत्र चुलीत गेलं, अन् एक माणूस तिकडे विलायतेत बसून राह्यला आहे, का किसन आपल्यावर रागावला. इकडे हा समजे टॉम रागावला. दोघाइच्या मधात मी बसली होती, फुंकणी घेऊन.

सकाळी मास्तर म्हणले, "आजी, चिंता करू नका. मी छान लिहून देतो, किसननं तुमाले माफ केलं, शांतपणे गेला." तुमचं मन चांगलं आहे मास्तर. पण नाही. किसननं माफ केलं नाही. किसनले माहीतच झालं नाही, माफ कशाचं करन? अन् शांतपणे कुठं गेला? विचारत गेला. तुम्ही छान लिहाल. छान लिहिलेलं खोटं मी कोपरा न फाडता जाळीन.

त्या विमानाले काचेच्या पेटीत ठेवा, शाळेत ठेवा, असं कोणी म्हणत होतं. ठेवा. पण तो डावा पंख कोणी चिकटवाचा नाही. ज्याले चिकटवाचा होता तो गेला.

आता उभे राहा सगळे. बायाहो, तुम्हीपण. दोन मिनिटं घड्याळ पाहून उभं राहाचं, तसं नाही. मी बोलून होईपर्यंत उभं राहाचं. तोवर कोणी खोकलाचं नाही, कोणी रडाचं नाही, अन् आजी जाऊ द्या म्हणाचं नाही.

मास्तर, तुमचा पेन शांताले द्या. शांते, कागद घे. मी सांगते तसंच लिही. मंग मास्तर त्याचं इंग्रजी करतीन, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. खाली मास्तराचं नाव नको, तुझं नाव नको, तुझ्या बापाचं तर नकोच. आंगठा माझा. टॉमनं किसनले विचारलं, पण उत्तर किसनकडे नाही. पत्र मी जाळलं, उत्तरपण मीच द्याचं.

लिही.