तलावावर बघण्यासारखं

—नाही, तिथे नका टेकू, आत्ताच पुसलंय, ओलं आहे. हे स्टूल घ्या. घ्या हो, माझंच आहे, मी तशीही दिवसभर उभीच असते. टाच दाखवा. सालटंच गेलंय की सगळं. नवी चप्पल घालून फिरायला कोण निघतं — सगळेच निघतात म्हणा, रोज दोन-चार जणी येतात अशा लंगडत, म्हणून तर पट्ट्या ठेवते जवळ. तुमच्या मैत्रिणी राहू दे रांगेत, पुढे अजून आठ बायका आहेत. काय विचारत होतात? इथे बघण्यासारखं काय काय आहे? बाहेर एवढा मोठा रंगीत नकाशा लावलाय, आणि तुम्ही विचारताय संडास धुणाऱ्या बाईला. पण बरोबर विचारताय. लोक काय बघतात, काय खातात, कुठे डुलतात, ते सगळं शेवटी माझ्याकडेच येतं ना.

तर बोटी आहेत. हंसाच्या आकाराच्या, पायाने चालवायच्या. लांबून छान दिसतात, जवळून बघाल तर हंसांच्या माना शेवाळ्याने हिरव्या झाल्यात. त्यातून उतरलेली माणसं तोंडावर हात धरून पळत इथे येतात, आणि भांड्यापर्यंत पोचतील तर शपथ. मग कारंजं आहे, गाण्यावर नाचतं ते. त्याला पाणी कुठलं? या तलावाचंच. काठाला जाऊन बघा, पिवळा फेस, पावाचे तुकडे, पोरांचे डायपर — आणि तेच पाणी वर उडतं तेव्हा पोरं आ वासून खाली उभी, आणि त्यांच्या आया टाळ्या वाजवतात. शी. बेट आहे, तिथे पक्षी आहेत म्हणजे पक्ष्यांची घाण आहे, ती बुटांना चिकटून माझ्या फरशीवर येते. आणि सूर्यास्ताचा कठडा. तिथे सगळे पाठ करून उभे राहतात सूर्याकडे, फोन समोर धरून. सूर्य बुडाला रे बुडाला की पन्नास-साठ बायका एकदम आत. मला सूर्यास्त चपलांच्या आवाजावरून कळतो.

मी? नाही, मी नाही बसले कधी बोटीत. एकोणीस वर्षं झाली इथे. आधी वेळ नव्हता, मग किळस बसली. हलवू नका पाय, लावू दे नीट. मूल होय — तुम्ही पण विचारलंतच. मुलगी आहे. एक. शिकलीय चांगली, लांब असते, मोठ्या हापिसात आहे. तिचे वडील ती चार वर्षांची असतानाच गेले — मेले नाहीत हो, गेले. ते सोडा. तिला मी या फिनेलवर वाढवलं. आणि शाळेच्या कागदावर आईचा व्यवसाय लिहायचा होता ना, तेव्हा मीच सांगितलं तिला, लिही, पर्यटन खातं. खोटं नव्हतं तसं. पगाराच्या चिठ्ठीवर तेच लिहिलेलं असतं. पोरगी सात वर्षांची होती, तिने विचारलं, आई, पर्यटन म्हणजे काय? म्हटलं, लोकांना छान छान दाखवायचं.

मग कॉलेजात गेली. मैत्रिणींना घेऊन तलावावर यायची. मीच म्हटलं तिला, हे बघ, चारचौघींत मला आई म्हणून हाक मारू नकोस, मावशी म्हण. इथल्या बाईला सगळे मावशीच म्हणतात, कुणाला काही वाटणार नाही. पहिल्यांदा रडली. दुसऱ्यांदा नाही रडली. — दुखतंय? झालंच. — दोन वर्षांपूर्वी लग्न केलं तिने, सह्या करून, तिकडेच. मी नाही गेले. पाय मोडलाय म्हणून कळवलं. नीट होता हो पाय. मुलाच्या आईशी काय बोलायचं, हात कुठे ठेवायचे? हे हात बघा. लग्नात असे हात लपवता येतात का?

आणि मागच्या महिन्यात आले ते तिघं, मुलगी, जावई आणि विहीणबाई. तलाव बघायला. मुलीने आधी फोन केला, म्हणाली, आई, मी सांगितलंय तू बाहेरगावी आहेस. म्हटलं, बरं केलंस. दुपारची वेळ, भरपूर गर्दी, आणि दारातून एक बाई आली ओकाऱ्या देत, बोटीतून उतरलेली. तिला धरून माझी मुलगी. समोरासमोर. अशी, आत्ता तुम्ही बसलाय एवढ्या अंतरावर. ती म्हणाली, मावशी, जरा पाणी देता का?

दिलं पाणी. काय करणार? विहीणबाईंचं डोकं धरलं, पाठ चोळली, तोंड पुसलं, याच स्टुलावर बसवलं. मोठ्या मनाच्या निघाल्या. माझा हात सोडेनात. म्हणाल्या, तुम्ही ठेवता तसं स्वच्छ मी माझं घरसुद्धा ठेवत नाही. मग तुमच्यासारखंच विचारलं, इथे काय काय बघण्यासारखं आहे. मी गोड गोड सांगितलं सगळं, बेट, कारंजं, सूर्यास्त. फेस नाही सांगितला. मग त्या म्हणाल्या, माझी विहीण इथेच असते, पर्यटन खात्यात मोठ्या जागेवर आहे, नेमकी गावाला गेलीय, चुटपुट लागली बघा. आणि मला विचारलं, तुम्हाला मुलंबाळं किती?

मी म्हटलं, नाहीत.

मुलगी मागेच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं हो, मला राहवलं नाही. तिचा चेहरा सैल पडला. सुटल्यासारखा. एवढ्या वर्षांत काय काय उपसलंय मी इथे, कधी जेवण टाकलं नाही. त्या दिवशी डबा तसाच परत नेला. तिचा राग आला म्हणता? तिचा कशाला येईल? मी शिकवलं तेवढंच बोलली ती. मला माझ्या जिभेची शिसारी आली. आणि पुढे ऐका — विहीणबाई म्हणाल्या, एक फोटो काढू या दोघींचा. फोटो कुणी काढला? तिनेच. म्हणाली, मावशी, थोडं जवळ या. आणि विहीणबाईंनी माझा नंबर घेतला, फोटो पाठवला, खाली लिहिलं, तुमचे उपकार विसरणार नाही.

मग गेल्या आठवड्यात मुलीचा फोन. सासूबाई पुढच्या आठवड्यात पुन्हा येतायत, मैत्रिणींबरोबर, आणि या वेळी विहिणीला भेटल्याशिवाय परत जाणार नाही म्हणतात. आई, तू दोन दिवस कुठेतरी जा. मी म्हटलं, कुठे जाऊ? ती म्हणाली, कुठेही. मी म्हटलं, मी नाही जायची, खरं सांग त्यांना. तर म्हणाली, आता खरं सांगू? तूच शिकवलंस ना मला सगळं? आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही.

मग काल दुपारी, गर्दी जरा ओसरल्यावर, मी या स्टुलावर बसले आणि त्या फोटोखाली लिहिलं विहीणबाईंना. मला लिहायची सवय नाही, चार वेळा पुसलं. लिहिलं, यात डावीकडे आहे ती मी तुमच्या सुनेची आई. खोटं मी बोलायला लावलं, पोरीला काही बोलू नका. मी उद्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथेच आहे. — वाचलंय त्यांनी. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. मुलीला कळलंय की नाही, कळलं असेल तर ती मला पुन्हा कधी दारात उभी करेल की नाही, माहीत नाही. तुम्हाला हे का सांगतेय मी? सकाळपासून दारात सावली पडली की हातातलं टाकून बघतेय, म्हणून तोंड चालवतेय झालं. तुमची टाच नसती तर भिंतीशी बोलले असते.

झाली पट्टी. उठा बघू. टेका थोडं, हां. बोटींकडे जाऊ नका, माझं ऐकाल तर झाडाखाली बसा निवांत — तुमच्या मैत्रिणी आल्या का बाहेर? आल्या. मग निघा. नाही, पैसे नकोत, काहीतरीच काय—

थांबा. त्या बाई बघा, रांगेच्या शेवटी. रांगेत नाहीत त्या. मैत्रिणी दिसत नाहीत त्यांच्याबरोबर, एकट्याच आल्यात. तुम्ही जा आता. मध्ये उभ्या राहू नका, सरका बाजूला. दिसू दे मी त्यांना.