भौतिकशास्त्राच्या तासाला संस्कृतचे सर

नाव : श्रीनाथ मधुकर सुपेकर. वय : ४६. व्यवसाय : संस्कृत शिक्षक, खाजगी शाळा. राहणार : टावर चौकाजवळ, फ्रीगंज, उज्जैन.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, फिर्यादी निहारिका पोतनीस आमच्या शाळेत अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतात. जुलैपासून वर्गातली काही मुले त्यांना उत्तर देईनाशी झाली. ही मुले मोबाइलवर एका गॉगलवाल्या गृहस्थाचे व्हिडिओ पाहतात. उभ्या मोटारीत बसून तो सांगतो की, बाईचे ऐकणारा मर्द नव्हे. मोटार त्याचीच आहे का, मला माहीत नाही.

मॅडमनी प्राचार्यांकडे तक्रार केली. त्यावर शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले. इंदूरहून आलेल्या तज्ज्ञांनी शिक्षिकांना हसतमुख राहायला आणि आम्हा पुरुषांना आदर्श बनायला सांगितले. मग समोसे झाले. त्यातून प्राचार्यांनी काढलेला उपाय असा, की मॅडमच्या तासाला मी मागच्या बाकावर बसावे. मी बसलो. मुले गप्प झाली. प्रश्न सुटल्याचे शाळेने जाहीर केले.

मॅडमनी फळ्यावर गणित सोडवले की विक्रांत नावाचा विद्यार्थी मागे वळून मला विचारी, "सर, सही है क्या?" मला भौतिकशास्त्र येत नाही. पहिल्या दिवशी तास पुढे सरकावा म्हणून मी मान हलवली. ते चुकले, हे तेव्हाच कळले की घरी गेल्यावर, खात्रीने सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "मॅडमना विचार." तो म्हणाला, "उनसे ही तो नहीं पूछना, सर." वर्ग हसला.

माझ्या मान हलवण्याचा व्हिडिओ त्याने आधीच घेतला होता. तो त्याने इंटरनेटवर टाकला. खाली लिहिले होते : मॅडमची गल्ली, घराच्या फाटकाचा रंग, आणि 'शाम को घर पे टेस्ट लेंगे'. त्यानंतर संध्याकाळी फाटकासमोर मोटारसायकली थांबू लागल्या.

प्राचार्य मला म्हणाले, "सुपेकर सर, आप तो वहीं थे. बोल दीजिए बच्चों का मज़ाक था. उनका साल बरबाद हो जाएगा." मॅडमच्या वर्षाबद्दल ते काही बोलले नाहीत. मी तिथेच होतो, म्हणून सांगतो : मजाक नव्हता.

मॅडमच्या शिकवण्यात चूक होती का, असे ठाण्यातल्या साहेबांनी विचारले. मला ते समजत नाही. विक्रांतलाही समजत नव्हते. साहेबांना समजत असल्यास त्यांनी लिहून घ्यावे.

मॅडमच्या तक्रारीवर माझीही सही घ्यावी, "वज़न पड़ेगा," असे हवालदारांनी सुचवले. मॅडम समोरच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "नको, सर. तुम्ही तुमच्या कागदावर करा."

मी मराठीत सांगितले ते हिंदीत उतरवून मला वाचून दाखवले. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. सही एवढ्याच कागदावर केली आहे.